शून्यभेट

चौकशी आयोगाचे सचिव पेटी घेऊन आले, तेव्हा किनारनगरच्या श्वासविज्ञान प्रयोगशाळेत सकाळची साफसफाई चालू होती. पेटीवर तीन ठिकाणी लाखेची मोहोर होती. डॉ. हृषीकेश आचरेकरांनी तिन्ही मोहरा निरखून पाहिल्या, सही केली आणि पेटी स्वतःच उचलून यंत्राजवळ नेली. आत वहीच्या पानाएवढा, बोटभर जाडीचा एक करडा पुठ्ठा होता. बंदर रुग्णालयाच्या सातव्या खोलीतल्या हवायंत्राचा तो गाळणपट. खोली रिकामी झाली की असा पट काढून जपून ठेवत.

"एवढ्याशा पुठ्ठ्यावरून खोलीत कोण आलं होतं ते कळतं?" सचिवांनी विचारलं.

"कळतं," आचरेकर म्हणाले. "तुम्ही श्वास सोडता तेव्हा नुसती हवा बाहेर पडत नाही. बारीक बारीक थेंब पडतात. त्यात तुमच्या फुप्फुसातली प्रथिनं असतात, तोंडातले जंतू असतात. हे मिश्रण प्रत्येकाचं वेगळं, बोटांच्या ठशासारखं. आम्ही त्याला श्वासमुद्रा म्हणतो. खोलीतली हवा या पटातून ओढली जाते, थेंब अडकतात, सुकतात. त्यांच्यावर दुसऱ्या दिवशीचे थेंब बसतात. थरावर थर."

"आणि माणूस बोलत होता की गप्प होता, तेही समजतं," डॉ. समीना मुजावर यंत्र तापवता तापवता म्हणाली. "बोलताना उडणारे थेंब मोठे असतात."

"काय बोलला ते?"

"ते नाही. ते कुठलंच यंत्र सांगणार नाही."

आचरेकरांनी एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेवली. "वरचा थर शेवटचा असतो, म्हणून वाचन उलटं चालतं. शेवटचा दिवस आधी. आणि प्रकाशाच्या पात्याने थर सोलूनच तो वाचता येतो. वाचला की जळून जातो. दुसरी संधी नाही."

करड्या तापाच्या साथीला तीन वर्षं होऊन गेली होती. किनारनगरची चौदा हजार माणसं त्यात गेली आणि जवळजवळ सगळी एकटी गेली. नगरप्रमुख अभिराम दळवींनी 'शून्यभेट' आदेश काढला होता: रुग्णालयात दाखल झालेल्याला घरच्यांनी भेटायचं नाही, शेवटच्या घटकेलाही नाही. त्या आदेशाचा मसुदा ज्या समितीने तपासला, तिच्यात आचरेकर होते. 'अपवाद नको' हे दोन शब्द त्यांनीच घातले होते. पुढे दोन महिन्यांनी त्यांची बायको ऋजुता त्याच बंदर रुग्णालयात दाखल झाली आणि नवव्या दिवशी गेली. चाळीस खोल्यांपैकी ती कुठल्या खोलीत होती, तेही त्यांना कधी कळलं नाही. हे त्यांनी आयोगाला आधीच कळवलं होतं. आयोगाने उत्तर दिलं की त्या रुग्णालयात ज्याचं कोणीच गेलं नाही असा शास्त्रज्ञ या शहरात मिळणार नाही, तुम्हीच करा.

आता दळवींवर आरोप होता की स्वतःचा आदेश मोडून ते रुग्णालयात जात होते. तक्रार त्यांच्या ड्रायव्हरच्या बायकोची, प्रणाली घागची. 'साहेबांना रोज संध्याकाळी बंदर रुग्णालयाच्या मागच्या दाराशी सोडतो,' असं संदेश घाग तिला म्हणाला होता. त्यानंतर आठवड्याभरात त्याला ताप आला आणि तोही गेला. दळवींची आई तिथेच, सातव्या खोलीत वारली होती, त्यामुळे साहेब आईला भेटायला जात असणार, असं सगळं शहर धरून चाललं होतं. दळवी मात्र आयोगापुढे एवढंच म्हणाले होते, "पुरावा असेल तर आणा."

सचिव गेले. समीनाने पट यंत्रात बसवला.

पहिला थर सुटला. सतरा तारीख, संध्याकाळी सव्वासात. पडद्यावर एकच मुद्रा, आणि तिचं नाव यंत्राने लगेच दिलं. आयोगाने दळवींचा नमुना पुरवलेलाच होता.

"सापडला," समीना म्हणाली. तिच्या आवाजात जरा आनंद होता. तिचा मोठा भाऊ त्याच साथीत गेला होता.

दुसरा थर. दळवींची मुद्रा तशीच, मोठ्या थेंबांची. माणूस बोलत होता. आणि तिच्याखाली दुसरी, अगदी पुसट मुद्रा. यंत्र थोडं थांबलं, मग तिचंही नाव पडद्यावर आलं. यंत्र नवीन असताना प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आपापल्या घरच्यांचे श्वास नमुना म्हणून भरले होते. ऋजुताने हसत हसत नळीत फुंकर मारली होती.

*ऋजुता आचरेकर.*

समीनाने झटकन कळ दाबून यंत्र थांबवलं. "सर, तुम्ही बाहेर बसा. मी करते."

आचरेकरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. तीन वर्षं तिची एक साडी त्यांनी धुतली नव्हती. तिच्यातला वास कधीच उडाला होता, तरी धुतली नव्हती. आणि तिचा खराखुरा श्वास हा इथे होता, बोटभर जाडीत. वाचला की जळणार होता.

"वाचलं नाही तर तो पुठ्ठाच राहील," ते शेवटी म्हणाले. "चालू कर."

वाचन उलटं असल्यामुळे थरामागून थर ऋजुता बरी होत गेली. पुसट मुद्रा ठसठशीत झाली. सतरा तारखेला दळवी दोन तास दहा मिनिटं खोलीत होते, ते बोलत होते आणि ती जवळजवळ पूर्ण वेळ गप्प होती. पण सोळा, पंधरा, चौदा या तिन्ही संध्याकाळी उलट होतं. पाऊण-पाऊण तास ती बोलत होती आणि दळवी ऐकत होते.

आचरेकरांनी तारखा पुन्हा पाहिल्या. त्याच तीन दिवसांत तिने त्यांना फोनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा पाठवली होती: 'बोलवत नाही. लिहीत जा.' आणि ते लिहीत गेले होते, तासातासाला.

तेरा तारखेला दळवी नव्हते. बारा तारखेला खोलीत तिसरी मुद्रा होती, म्हाताऱ्या, थकलेल्या फुप्फुसांची. ती बारा तारखेच्या दुपारी संपत होती; त्याखालच्या एकाही थरात दळवी नव्हते. रुग्णालयाच्या नोंदीशी समीनाने ताडून पाहिलं.

"सर, ही दळवींची आई. म्हणजे आई जिवंत असताना ते एकदाही आलेले नाहीत. आई गेल्यावर आले." ती गोंधळली. "मग कशासाठी?"

आचरेकरांनी अहवाल लिहिला, दिसलं तसा, एकही ओळ न गाळता. दुसऱ्या दिवशी तो आयोगाकडे गेला. सुनावणी पाच दिवसांवर होती.

ते पाच दिवस त्यांना काढवेनात. जेवताना घास हातात राहायचा. अहवालात जे मावत नव्हतं ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस तीन रस्त्यांपलीकडे नजरकैदेत बसला होता.

"तपासनीस आणि आरोपी यांची भेट झाली तर अहवाल रद्द," समीनाने बजावलं. "हे कलम तुम्ही लिहिलंय, सर. दळवींच्या दिवाणखान्यात गाळणपटही तुम्हीच बसवलाय, कोणी साक्षीदार फोडायला आलं तर कळावं म्हणून. तुम्ही गेलात की तुमची मुद्रा त्यात बसणार. माझ्या भावाचं काय? त्या प्रणालीताईंचं काय?"

"कळतंय मला," आचरेकर म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी ते गेले. पहारेकऱ्याने आयोगाचं ओळखपत्र पाहून सोडलं.

दळवी दार उघडून उंबऱ्यातच उभे राहिले. पूर्वी फलकांवर दिसायचा तो माणूस आता निम्मा झाला होता. "डॉक्टर, आत पाऊल टाकलंत तर मी सुटेन," ते म्हणाले. "माझा वकील असलंच काहीतरी शोधतोय. परत जा."

"सातव्या खोलीत दुसऱ्या खाटेवर माझी बायको होती," आचरेकर म्हणाले.

दळवी बाजूला झाले.

दोघं समोरासमोर बसले. दळवींनी पाणी आणून ठेवलं, ते कोणी प्यायलं नाही.

"आई असताना मी गेलो नाही," दळवी सांगू लागले. "आदेश माझा होता. फोनवरून नर्स सांगायची, ठीक आहेत. आई गेल्यावर तीच नर्स म्हणाली, बाजूच्या खाटेवरच्या बाई शेवटपर्यंत आजींशी बोलत होत्या. त्या रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना. आई काय म्हणाली? माझं नाव घेतलं का? रागावली होती का? एवढं विचारून परत यायचं म्हणून गेलो. पण ताईंना दम लागायचा. त्या थोडं थोडं सांगायच्या, म्हणायच्या, उरलेलं उद्या."

"मला तिने लिहिलं होतं की बोलवत नाही."

"माहीत आहे. मी विचारलं होतं, घरी फोन लावून देऊ का? त्या म्हणाल्या, नको. माझा आवाज ऐकला तर तो तिथे थांबायचा नाही. स्वतःचा नियम मोडून धावत येईल, आणि मग आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही."

आचरेकरांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

"शेवटच्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हतं. खुणेने म्हणाल्या, तुम्ही बोला. बाहेर तेव्हा प्रेतं न्यायला गाड्या पुरत नव्हत्या. मी सांगितलं, मासळीबाजार उघडलाय, फेरीबोटी सुरू झाल्यात, धक्क्यावर पोरं उड्या मारतायत. पुढारी आहे, खोटं बोलता येतं. मग म्हणालो, तुमचे मिस्टर खाली उभे आहेत, खिडकीखाली. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. एवढा वेळ शब्द फुटत नव्हता, पण तेवढं म्हणाल्या. 'त्याला घरी पाठवा. जेवला नसेल.'"

आचरेकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि संदेश?" आचरेकरांनी अखेर विचारलं.

दळवींनी मान खाली घातली. "परत येताना काच बंद असायची. मीच आणला ताप गाडीत. मला काही झालं नाही. त्याला झालं."

दुसऱ्या दिवशी सुनावणीत सचिव अहवाल उघडणार, तोच आचरेकर उठले आणि त्यांनी आपली भेट सांगून टाकली, तारीख-वेळेसकट. सभागृहात आरडाओरडा झाला. अहवाल रद्द झाला. दळवी कायद्याने सुटले. त्यांनी तिथेच उभं राहून मी गेलो होतो असं कबूल केलं, पद सोडलं, पण कबुलीला पुराव्याचा आधार उरला नव्हता आणि त्याने कोणाचंच समाधान झालं नाही. समीना आचरेकरांकडे न पाहता निघून गेली.

पायऱ्यांवर प्रणाली घागने त्यांना गाठलं. ती ओरडेल, हात उगारेल, असं त्यांना वाटलं. त्यांची तयारीही होती.

"तुम्ही का गेलात ते मला समजतं," ती म्हणाली. "मीही गेले असते. फक्त एक करा. माझा माणूस एकवीस नंबरमध्ये होता, एकट्याच्या खोलीत. त्याचाही पुठ्ठा असेल ना? त्याच्याजवळ कोण होतं तेवढं बघा."

एकवीस नंबरचा पट मिळायला तीन आठवडे लागले. समीना आली, एक शब्द न बोलता तिने यंत्र तापवलं. प्रणाली भिंतीजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसली. एकेक थर सुटत गेला, जळत गेला. शेवटचा दिवस संपला, त्याआधीचा संपला, त्याच्या आधीचाही.

आचरेकर पडद्याकडे पाहत राहिले. जे यंत्र कोण होतं ते सांगतं, ते कोण नव्हतं तेही सांगणारच. यात नवीन काहीच नव्हतं, पण इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा कधी विचार केला नव्हता. सकाळ-संध्याकाळ नर्सची मुद्रा, दोन-दोन मिनिटं. बाकी पूर्ण खोलीत एकच माणूस.

त्यांना दळवींचं ते खिडकीखालचं खोटं आठवलं. एक नाव घ्यायचं होतं फक्त. एखादी नर्स, एखादा वॉर्डबॉय. कोणी पडताळणार नव्हतं. थर जळून गेले होते. समीनाही त्यांच्याकडेच बघत होती.

"कोणी नव्हतं, प्रणालीताई," ते म्हणाले.

तिने मान हलवली. पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

"पण ते बोलत होते," आचरेकर म्हणाले. "शेवटच्या दिवशी. सलग चाळीस मिनिटं."

"फोन तर आदल्या दिवशीच बंद पडला होता त्यांचा."

"हो."

"मग कोणाशी?"

तापाच्या भरात माणूस बरळतो, हे त्यांना माहीत होतं. ते गप्प राहिले.

प्रणाली पडद्याजवळ आली. मोठ्या थेंबांचे ते ठिपके दाटीवाटीने एका रेषेत उमटले होते, मध्ये मध्ये जागा सुटली होती. त्या मोकळ्या जागांवर तिने बोट ठेवलं.

"इथे थांबलेत," ती म्हणाली. "इथेही. बघा ना, मला बोलायला देतायत."