ब्रेकवरचा पाय

विश्वास ठेवा म्हणून मी हात जोडणार नाही. पण माझ्या मावसभावासोबत, सौरभसोबत, हे खरंच घडलं आहे. 

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे चार वाजून गेलेले. पांढुर्ण्याहून सौंसरकडे येणारा रस्ता.

अंधार नाही, अमावस्या नाही. लख्ख ऊन होतं.

सौरभला गाडी पळवायचं वेड. महिनाभरात त्याला रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी उतरवायची होती. पण गाडीचे मूळ ब्रेक चार-पाच वेळा जोरात दाबले की तापून ढिले पडायचे. म्हणून त्याने नागपूरच्या भंगारातून ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्या आवळणारे चार पिस्टनचे कॅलिपर आणले.

ज्या गाडीचे ते काढले, तिचं तोंड पार चेपलेलं होतं. पेडलमागे एक चप्पल अडकलेली होती... एकच.

सौरभने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला लाजही नव्हती.

पांढुर्ण्यात त्याच्या सासुरवाडीजवळ रघुनाथराव मेकॅनिकचं गॅरेज आहे. म्हाताऱ्याचा एक नेम. जुना पार्ट हातात आला की आधी विचारणार.

"बापू, ॲक्सिडेंटच्या गाडीचा त नाही न?"

"नाही काकाजी. चालत्या गाडीचा आहे."

"मरण झालेल्या गाडीचं इंजिन मी लावतो, सीट लावतो. ब्रेक नाही लावत. माणसाचा शेवटचा पाय ब्रेकवरच असते."

सौरभ हसला. ब्रेक लागले, पॅड तेवढे नवे घातले.

बायको दामिनी माहेरी आलेलीच होती. जामसांवलीला मारुतीपुढे गाडी उभी करू, नारळ फोडू आणि घरी जाऊ, असं ठरलं. वाटेत सौरभला एक काम उरकायचं होतं. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून गाडी ऐंशीपर्यंत न्यायची, जोरात ब्रेक मारून पंधरावर आणायची, थांबायचं नाही, पुन्हा पळवायची. असं दहा वेळा. गाडी पळवताना तो बूट काढून ठेवायचा. अनवाणी पायाला पेडल कळतं म्हणे.

"पोटातलं बाहेर येईन माझ्या," दामिनी म्हणाली. "काय करून राहिले तुम्ही?"

"दहाच वेळा. बस."

पहिले चार झकास झाले.

पाचव्याला वास आला. नवे पॅड तापले की वास येतोच... पण हा तसा नव्हता. केस जळाल्यासारखा. आणि त्याच्याखाली काहीतरी आंबट, कुजकं.

दामिनीने ओढणी नाकाला लावली, काच खाली केली. बाहेर वास नव्हताच. तो आत होता.

सहाव्याला पेडल मऊ लागलं.

सातव्याला... ओलं.

आठव्याला सौरभच्या तळव्याखाली बोटं होती.

माणसाच्या पायाची. पाच. गरम, घामेजलेली, नखं वाढलेली. आणि ती बोटं हळूच... वर वळली.

सौरभला शिसारी आली. त्याने पाय झटकन ओढून सीटवर घेतला.

नेमका तेव्हाच समोरच्या बागेतून संत्र्याच्या कॅरेटनी भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आला.

गाडी सत्तरला होती.

"अहो, ब्रेक!"

सौरभला दिसत होतं, कळत होतं. पण तिथे परत पाय ठेवणं त्याच्याने होईना. शेणात ठेवला असता, मेलेल्या घुशीवर ठेवला असता. त्याच्यावर नाही.

पेडल खाली गेलं.

आपोआप... पार तळापर्यंत.

टायर घासत गेले. ट्रॅक्टरपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली आणि बंद पडली. ट्रॅक्टरवाल्याने आईमाई काढली आणि तो निघून गेला.

त्यानंतर कसलाच आवाज नव्हता. पाखराचाही नाही.

फक्त सौरभच्या पायापाशी... कोणीतरी धापा टाकत होतं.

तो दार उघडून रस्त्याकडेला भडाभडा ओकला. तळव्याला काळपट, चिकट काहीतरी लागलं होतं. मातीत घासलं, गवतावर घासलं. निघेना.

जामसांवली राहिलीच. दुसऱ्या दिवशी त्याने रघुनाथरावांना खरं सांगितलं.  म्हातारा बाजूला थुंकला आणि त्याने पाना उचलला. मूळ ब्रेक परत लागले, ट्रॅकवर जाणं बारगळलं.

पण सौरभ अजून रोज उजवा पाय दगडाने घासतो. कातडं सोललंय, मी पाहिलंय. मी त्याला म्हटलं, "अरे, जो कोणी होता त्यानं वाचवलं तुम्हाला. हात जोड त्याला." त्याने तोंड वाकडं केलं आणि पाय पोटाशी घेतला.

भुताची किळस यावी की याची, मला कळेनासं झालंय. आणि खरं सांगतो, आता मीही स्टिअरिंगवर बसायच्या आधी वाकून पेडल बघतो.

दामिनी तेव्हापासून बसने जाते-येते. ब्रेक कोणी मारला, हे तिने एकदाही विचारलेलं नाही. ती एवढंच विचारते,

"मी बाजूले बसली होती न... मंग तुम्ही पाय काहून उचलला?"