गाबोळीचा वास

तळं मेलं तर फायदा कुणाचा? अरबस्तानातल्या फुजैऱ्यात सगळ्यांचं बोट जहूरकडे गेलं.

जहूर सुक्या तारली मासळीचा भुगा विकायचा. खैरुद्दीनशेठने आपल्या तळ्यातल्या बोय माशांना तो भुगा घालणं थांबवून स्वस्त शेंगदाणा-पेंड सुरू केली, तेव्हा जहूर भर बाजारात बोलून बसला, "पेंडीवर मासे जगले तर मिशी उतरवीन!" सदुसष्ट सालच्या त्या सकाळी सगळी बोय पोट वर करून तरंगत होती. मिशी वाचली होती. जहूरचं काही खरं नव्हतं.

"विष कालवलंय याने! संध्याकाळच्या लाँचवर चढवून गावाला धाडा, खलास!" शेठ ओरडला.

"जरा थांबा, भाऊजी." शेठची विधवा भावजय जैनब काठावर उकिडवी बसली. पाण्याच्या कडेला साबणासारखा फेस साचला होता. तिने एक बोय चिरली. काळीज फिकट, शेपटी झिजलेली.

"जहूर, हे पेंडीने?"

"हो, भाबी. नुसत्या पेंडीवर मासा झुरतो. पण झुरायला महिने लागतात. एका रात्रीत सगळे नाही मरत."

"मग तू मारलेस?"

"तारली खाणारेच मारून मी काय विकू? वाळू?"

जैनब हसली नाही. ती वाऱ्यामुळे आठवडाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांकडे बघत होती.

राखणदार हमदुल्लाच्या झोपडीबाहेर खजुराची रोपं होती. त्यांच्या खतासाठी गावाहून आलेली गोणी रिकामी पडली होती. रोपांच्या बुडाशी मात्र खताचा कणही नव्हता. आत कढई चुरचुरत होती.

"काय तळतोस?"

"गाबोळी, भाबी. बाजारातली."

"कुणी आणली?"

हमदुल्लाने उलथनं खाली ठेवलं.

जैनबने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"होड्या वाळूवर आहेत, बाजारात ताजी मासळी नाही. ही गाबोळी आपल्याच तळ्यातली. विषारी समजून मांजरालाही कुणी मासा घातला नाही, आणि हा चवीने तळतोय. का? गोणीत मोहाची पेंड होती. कोकणात खाडीकाठची माणसं डबक्यात ती कालवतात. पाणी फेसाळतं, मासे गुदमरून वर येतात आणि लोक ते खुशाल खातात. तुमची पेंड माशांना आजारी पाडत होती, भाऊजी. मारलं याच्या पेंडीने. हमदुल्ला, अंड्यांनी भरलेली गाबोळी फेकवली नाही ना तुला?"

"कोकणातल्या माणसाला फेकवते?" हमदुल्ला कडवट हसला. मग शेठकडे वळला. "तुफानात लाँच सोडू नका म्हणून पाया पडलो होतो. माझा भाऊ गेला. लाँच हाकणारा तांडेल गेला, भाबीचा नवरा, तुमचा सख्खा भाऊ! तुम्ही म्हणालात, समंदर की मर्जी. आपलं माणूस तरंगताना बघायचं कसं असतं, ते तुम्हाला दाखवायचं होतं."



संध्याकाळच्या लाँचवर जहूरऐवजी हमदुल्ला चढला. नवी बोय सोडली की तारलीच घालायची ठरलं; तोवर शेठ रिकाम्या तळ्याचा मालक उरला. या हिशेबात जिवानिशी गेली ती बोय. तिचं कुणाशीच वैर नव्हतं.

रात्री जैनबने तीच गाबोळी शेठच्या ताटात वाढली.

"खा, भाऊजी. विष नाही त्यात."

शेठचा हात ताटापर्यंत गेला नाही. ती समोर बसून राहिली.