गुंतवणुकीच्या फ्लॅटमधल्या सोजरबाई

नीरजा, तुला गुंतवणुकीसाठी फ्लॅट घ्यायचाय ना? मग आधी चहा घे आणि ऐक. कर्जाचं, कागदपत्रांचं बँकेतली माणसं सांगतील. मी सांगतेय ते कुणी सांगणार नाही.

माझा फ्लॅट हडपसरला. आम्ही कोथरूडचे खरे, पण इथले भाव ऐकूनच आमच्या ह्यांना घेरी यायची. हडपसरच्या त्या जागेवर आधी सोजरबाईंचं शेत होतं. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना तीन फ्लॅट दिले, त्यातला एक त्यांनी मला विकला. नोंदणीच्या दिवशी बाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. म्हटलं, "अहो, घर तुमचंच आहे. केव्हाही या." आपण पुण्यात असं म्हणतो आणि समोरचा येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या शेतकरी बाईला कुठून ठाऊक असणार! "येईन की," म्हणाल्या. श्रावणात त्या वारल्या. त्यांचा मुलगा सर्जेराव येऊन सांगून गेला.

इकडे फ्लॅट सहा महिने रिकामा. माझी निवृत्तीची सगळी पुंजी त्यात अडकलेली. "राजवाडा घेतलास, आता प्रजा शोध," असं आमचे हे रोज जेवताना ऐकवायचे. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत भाडेकरू मिळाला नाही तर येईल त्या भावाला विकून मोकळं व्हायचं. फार वाईट वाटलं गं. जन्मात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर काहीतरी झालं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी उल्का नावाची एक शिक्षिका आईला घेऊन जागा बघायला येणार होती. पाच वाजता. मी तीनलाच केरसुणी आणि फिनेलची बाटली घेऊन पोचले. म्हटलं, जरा झाडून-पुसून ठेवू.

कुलूप काढलं. बंद घराचा कुबट वास येईल म्हणून नाकाला पदर लावला, तर आतून भाकरीचा वास आला. नुकती तव्यावरून उतरवलेली बाजरीची भाकरी, आणि त्यामागे चुलीचा धूर. अगं, घरात गॅसची शेगडीसुद्धा नव्हती! खिडक्या लावलेल्या, त्यामुळे आत अंधारलेलं. पायाखालची फरशी गार, ओलसर, धुळीचा कण नाही. खाली एक मोटारसायकल गेली आणि मग सगळं गप्प झालं. त्या गप्पपणात स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज येऊ लागला. थांबून थांबून, पीठ मळताना येतो तसा.

मला वाटलं, वॉचमनने कुणाचं तरी बिऱ्हाड आत घुसवलं. माझं डोकंच फिरलं. "कोण आहे आत? आधी बाहेर या!"

बांगड्या थांबल्या.

"मी हाय बाई... सोजर."

केरसुणी हातातून गळून पडली.

"तुम्ही... तुम्ही तर..."

"तुमीच म्हनला व्हता न्हवं... कवाबी या म्हून. आले." आवाज शांत, थकलेला. "हितं माज्या शेताची हीर व्हती बाई... ह्या वट्याच्या खाली."

देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. आठवलं काय, तर पाच वाजता येणारी माणसं! हसू नकोस. घामाने ब्लाउज भिजला होता, आणि तशातही मी बोलणी केली.

"सोजरबाई... लोक येतायत घर बघायला. त्यांना... घाबरवू नका. पाया पडते तुमच्या."

अगदी माझ्या कानाशी आवाज आला, "मी कशाला भेववू? मला सोबत पायजे... रिकाम्या घरात करमत न्हाई."

पाचला उल्का आणि तिची आई आल्या. वडील गेल्यापासून आई धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, असं उल्का मला जिन्यातच हळूच म्हणाली. म्हातारी उंबऱ्यात थबकली. "भाकरी केलीय का हो कुणी?" असं विचारत थेट स्वयंपाकघरात गेली आणि फरशीवर बसली. "उल्के, हेच घर घे."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भीती तर वाटतच होती, पण त्याहून जास्त मला भाडेकरू हवा होता.

आणि खरं सांगू? झालं ते भल्याचंच झालं. ह्यांची बोलती बंद झाली. म्हातारीने चांगलं बाळसं धरलंय. "आई दिवसभर कुणाशी तरी गप्पा मारते काकू," उल्का म्हणते, "पण हसते हो. मग मी विचारत नाही." माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आता तिकडे गेले की मी ओट्यापाशी जरा वेळ उभी राहते, दोन शब्द बोलते, आणि मला बरं वाटतं.

आपल्याकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. गेल्या आठवड्यात तो नवा करायचा होता, म्हणून पोलीस चौकीत द्यायचा भाडेकरूंच्या माहितीचा फॉर्म उल्काने भरून दिला. घरात कोण कोण राहणार, त्यांची नावं आणि वयं लिहायची असतात. मी तो परतताना बसमध्ये उघडला. पहिल्या दोन ओळी उल्काच्या अक्षरात, ती आणि तिची आई. तिसरी ओळ दुसऱ्याच कुणाच्या तरी थरथरत्या हातची. सोजरबाई. पुढे अंगठा. शाई ओली होती, माझ्या बोटाला लागली.

मी हे नाव त्या दोघींना कधीच सांगितलेलं नाही. तरी मी म्हटलं, असू दे, राहतात तर राहतात.

चौथ्या ओळीत माझं नाव होतं. ह्यांच्या नावासकट, आडनावासकट, बिनचूक. वय तेवढं चुकलंय. एकसष्ट लिहिलंय. मला अजून साठच आहेत, एकसष्ट माघात पूर्ण होतात.