तिसऱ्या कबरीच्या दोन आया

मोबाइल खाली ठेवा रे. वीज अकरापर्यंत काही येत नाही, बॅटरी राखा.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझा मेहुणा हैबत, टॅक्सीवाला, त्याच्या बाबतीत घडलं. तुम्ही म्हणाल, रचून सांगितलं असेल. रचायला डोकं लागतं. हैबतला मी चाळीस वर्षं ओळखतो.

गेल्या साली, आबान महिन्याची सोळावी, बुधवारची रात्र. एक वाजून चाळीस मिनिटांनी यझ्दची बस आपल्या स्टँडवर लागली. हैबत एका म्हातारीला घ्यायला उभा होता. काम साधं होतं. तिला मुसाफिरखान्यात सोडायचं आणि सकाळी नऊ वाजता टेकडीवर न्यायचं.

म्हातारीचं नाव नोसरत खानम. घरच्यांना न सांगता निघालेली. हातात काठी आणि एक बोचकं.

टेकडीवरच्या पाच कबरी तुम्ही पाहिल्यात. आठ वर्षांची ती लढाई संपून सहा वर्षं झाली तेव्हा पाच पेट्या आल्या. आत नुसती हाडं, नाव एकाचंही नाही. गावानं पुरली. आता तीस वर्षांनी त्यातल्या तिसऱ्याचं नाव लागलं होतं. हाडांची तपासणी करतात ना, तसं. जलाल, राहणार यझ्द, वय एकोणीस. नोसरत खानमचा मुलगा.

आणि घोळ असा, की तिसरी कबर आपल्या गोलअंदाम खालाची होती.

म्हणजे तिची नव्हती, पण होती. तिचा एकुलता एक अब्दी लढाईवर गेला तो गेलाच. पाच पेट्या आल्या त्या दिवशी तिनं एकेकीवर हात ठेवला आणि तिसरीपाशी थांबली. "हा माझा," म्हणाली. नाही म्हणायची कोणाची छाती होती? तेव्हापासून दर बुधवारी, मध्यरात्र उलटून गुरुवार लागला की ती टेकडी चढायची. दगड धुवायची, गुलाबपाणी शिंपडायची आणि वर रागवायची. "अब्दी, दाढी करत जा. भुतासारखा दिसतोस."

यझ्दची आई सापडली तेव्हा तपासणीच्या कचेरीतल्या माणसानं हैबतला सांगितलं, तू गोलअंदामचा शेजारी, तूच तिच्या कानावर घाल. बारा दिवस हा रोज तिच्या दारापर्यंत गेला. ती दार उघडून "काय रे?" म्हणायची. हा म्हणायचा, "खाला, नान आणू का?" बारा दिवसांत म्हातारीकडे नानांचा ढीग झाला.

असो. गाडी सुरू झाली तशी नोसरत खानम म्हणाली, "मुसाफिरखाना नको. टेकडीवर चल."

"खानम, दोन वाजत आलेत. बेचाळीस वर्षं थांबलात, आता सकाळपर्यंत..."

"सकाळपर्यंत तू थांब. माझं थांबून झालं."

हैबतनं गाडी वळवली. आज बुधवार आहे हे त्याच्या डोक्यात आलं ते टेकडीच्या पायऱ्यांशी. वर कंदील दिसला तेव्हा.

"कोण ते? हैबत?" गोलअंदामनं वरूनच विचारलं. "आता इथंही नान घेऊन आलास?"

हैबत म्हातारीला हाताला धरून पायऱ्या चढला. नोसरत खानम एकेक दगड मोजत आली, तिसऱ्यापाशी टेकली. हात ठेवला तर दगड ओला.

"तू धुतलास का गं, बहिणी?"

"मी नाही धुणार तर कोण? माझा मुलगा आहे."

नोसरत खानमनं हैबतकडे पाहिलं. हैबतनं जमिनीकडे. मग त्याच्या तोंडून एकदाचं निघालं. "खाला, तपासणी झाली. हा अब्दी नाही. हा ह्यांचा जलाल आहे."

गोलअंदामनं हातातली सुरई खाली ठेवली. मग डोक्यावरच्या चादरीच्या टोकानं तिनं तो दगड पुसायला घेतला. न्हाऊन आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसा, कोपऱ्या-कोपऱ्यातून.

"घे," ती म्हणाली. "तुझा तुला. गार पाणी सोसत नाही हो त्याला. थंडीत मी कोमट करून आणायचे."

नोसरत खानमला हुंदका फुटला. "तीस वर्षं माझ्या लेकराला आंघोळ घातलीस तू..."

"मग माझ्याला कोणी घातली?" गोलअंदाम म्हणाली. कोणाला विचारत होती, देव जाणे. "माझा कुठंय?"

दोघी रडल्या. हैबतही रडला. मग नोसरत खानमनं डोळे पुसले, वर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ह्या पोराला तरी बसायला सांग. मघापासून तुझ्या मागं उभा आहे."

हैबतनं पाहिलं. कंदील. दगड. अंधार.

"कोण पोरगा?"

"नातू ना तुझा? चिंब भिजलाय बिचारा. केसांतून पाणी गळतंय."

गोलअंदामची मान वळता वळता थांबली.

"चिंब?"

"हो."

"लढाईत त्यांची होडी नदीत..." एवढंच ती म्हणाली.

वारा नव्हता. गावातलं कुत्रंही भुंकत नव्हतं.

"डावा कान बघ गं... दुमडलेला आहे?"

"आहे."

गोलअंदामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तीस वर्षं. दर बुधवारी. ती दुसऱ्याचा दगड धूत होती. आणि तो... मागे... उभा.

"वळून बघा ना, खाला."

"नको. वळले आणि नसला तर?"

ती उठली. समोरच बघत म्हणाली, "अब्दी. चल घरी. चुकलं माझं."

नोसरत खानम मुलापाशीच थांबली. "बहिणी," तिनं मागून हाक मारली, "त्याच्या एका पायात बूट नाही. काचा असतील वाटेत. जपून ने."

हैबत कंदील घेऊन गोलअंदामच्या शेजारून चालला. गाडीत बसायला ती तयार होईना. रस्ता रिकामा. तिच्या चपला वाजत होत्या. आणि मागे, चार हातांवर... एक बूट. मग काही नाही. मग बूट. मग काही नाही.

हैबतनं मागे पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असतंत?

घराशी तिनं दोन्ही कवाडं उघडली. बाजूला झाली. कोणाला आधी आत घेतात तशी, क्षणभर. मग स्वतः गेली. कडी लावली.

त्यानंतर ती टेकडीवर गेली नाही. कबरीवर जलालचं नाव कोरलं गेलं. नोसरत खानम दर गुरुवारी हिला फोन करायची, दोघी तासभर बोलायच्या. भिंतीपलीकडून हैबतच्या बायकोला रात्री रागवणं ऐकू यायचं. "दाढी कर. खाऊन घे. पाय पूस आधी." सात महिने. ह्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गोलअंदाम झोपेतच गेली. चेहऱ्यावर हसू होतं म्हणतात, मी ते पाहिलं नाही.

मी पाहिलं ते सांगतो. घर रिकामं करायला मीही होतो. तिच्या गादीला लागून भिंतीकडे दुसरी गादी घातलेली होती. ओली. वाळवायला म्हणून आम्ही ती गच्चीवर टाकली. आपलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. धुतलेला सदरा दोरीवर टाकेपर्यंत वाळतो.

नऊ दिवसांनी, म्हणजे काल, मी ती उतरवायला वर गेलो. एका हातानं उचलायला बघितली. उचलेना. दुसरा हात लावला...

बोटांमधून पाणी आलं. गार.