पोच मिळाली, पिंजरे वरच

तरंगत्या बागेत छत्तीस पिंजरे होते, प्रत्येकात चारशे कालवं (खाण्याचे शिंपले), आणि प्रत्येक पिंजऱ्यावर दोर सोडणारी एक मोटार. नियंत्रणखोलीत तिघं होती: बारा वर्षांची उर्मी, तिची शलाका आत्या आणि पारखी नावाचा यंत्रमानव. समुद्रावरून विषारी शेवाळाचा लाल पट्टा किनाऱ्याकडे सरकत होता. तो पोचायला पन्नास मिनिटं उरली होती. त्याआधी पिंजरे सहा मीटर खाली गेले नाहीत, तर उर्मीच्या आईने दोन वर्षं वाढवलेली कालवं फेकून द्यावी लागणार होती. हाताने उतरवायचे तर अख्खा दिवस गेला असता. शेवाळावर नजर ठेवणारा नवा उपग्रह किती खोल जायचं ते कळवणार आणि त्यावरून बागेचा सर्व्हर मोटारी चालवणार, अशी व्यवस्था होती.

"चाचणी यशस्वी," पारखी म्हणाला.

उर्मीने टेबलावरच्या सरावाच्या मोटारीकडे पाहिलं. "कसली यशस्वी? चाक जागचं हललेलं नाही."

"मी उपग्रहाच्या नमुन्याप्रमाणे, त्याच्याच नावाने खोटा निरोप धाडला. सर्व्हर म्हणाला, 'मिळाला'. वेळ, चार शतांश सेकंद."

"नव्वद सेकंदांचं काम चार शतांशात? आत्या, हा थापा मारतोय."

"थापा नाही गं, अर्धवट बघतोय," आत्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "उपग्रहाचा निरोप म्हणजे वेबहुक (घटना घडताच एका संगणकाने दुसऱ्याला आपणहून पाठवलेला निरोप). उत्तरासाठी उपग्रह पाचच सेकंद थांबतो. म्हणून आपला जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेला सर्व्हर लगेच पोच देतो आणि मोटारी मागाहून चालवतो. हे असमकालिक काम (पोच आधी, काम नंतर). पारखी पोच घेतो आणि माघारी फिरतो. पुढे काय बिनसतं, ते कुणी पाहतच नाही."

"मग त्याला दोन मिनिटं थांबायला सांग."

"कधी दोन मिनिटं कमी पडतील, कधी फुकट जातील. संपलं की फसलं, हे कामानेच सांगायला हवं." आत्याने चाचणीत एक ओळ घातली: प्रॉमिसचा (काम पुरं झालं की फसलं, हे कळवण्याची हमी) निकाल लागेपर्यंत थांब.

चौतीस मिनिटं उरली होती. पारखीने पुन्हा निरोप धाडला. पोच आली. या खेपेला तो थांबून राहिला. मग लाल दिवा लागला.

"चाचणी नापास. मोटारीने हुकूम नाकारला. मागितलेली खोली, सहाशे मीटर."

"सहाशे? आपला दोर तर दहा मीटरचा." उर्मी थबकली. "आत्या, नवा उपग्रह सेंटिमीटरमध्ये सांगत असेल तर?"

आत्याने शंभरने भागणारी ओळ लिहिली. चाक फिरू लागलं. एक्क्याण्णवाव्या सेकंदाला हिरवा दिवा लागला.

"पण तोच निरोप चुकून दोनदा आला तर?" उर्मीने विचारलं.

"ती चाचणी उद्या तू लिही."

पट्टा पोचायला वीस मिनिटं उरली असताना खरा निरोप आला. पोच गेल्याचं पारखीने सांगितलं, पण उर्मीने खिडकीकडून मान वळवली नाही. पिंजरे एकापाठोपाठ एक पाण्याखाली दिसेनासे झाले.

पाचव्या दिवशी पट्टा ओसरला. आईने एक कालव फोडून तपासणीयंत्रात ठेवलं.

विष, दर किलोला चाळीस मायक्रोग्रॅम. विक्रीची मर्यादा, आठशे.