अडखळणाऱ्यांचा वर्ग

आमची पहिली भेट झाली ती दप्तर डोक्यात पडून. डोकं माझं, दप्तर त्याचं. फ्रेंचच्या पहिल्याच तासाला हा लंबूटांग मुलगा उशिरा आला, माझ्या डोक्यावरच्या फळीवर दप्तर ठेवायला गेला आणि ते धाडकन माझ्यावर! मी कळवळून वर पाहिलं. आता हा माफी मागेल म्हणून वाट बघतेय, तर हा लालबुंद होऊन म्हणतो काय — "बोंझूर!"

वर्गात हशा पिकला. आमच्या फ्रेंच शिकवणाऱ्या मादामसुद्धा हसल्या. दाराच्या आत आलं की फ्रेंचशिवाय अक्षर बोलायचं नाही असा त्यांचा नियम, आणि बिचाऱ्याला नमस्काराचा तेवढा एकच शब्द येत होता. शिक्षा म्हणून मादामनी त्याला माझ्याच शेजारी बसवलं. ही शिक्षा त्याला की मला, हे विचारण्याइतकं फ्रेंच मला येत नव्हतं.

मी त्याचं नाव ठेवलं शिडी.

खरं सांगते, नव्या भाषेच्या पहिल्या वर्षी माणूस जे काही विचारतो ना, ते आपल्या भाषेत विचारायची कुणाची छाती होणार नाही. तुला काय आवडतं? तुला कशाची भीती वाटते? तू कधी रडतेस? प्रश्न पुस्तकातलेच होते आणि जोडीनेच विचारायचे होते, मग लाज कसली! अख्खा वर्ग ठेचकाळत बोलायचा.

"मला... संत्री... आवडतात," मी म्हणायची. "मला... भाऊ... आवडत नाही."

तो हसायचा. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

एकदा कुटुंबाचा धडा होता. तो म्हणाला, "घरी आई आहे. मामा आहे. मामाची बेकरी आहे. बाबा नाहीत." एवढंच. इतक्या छोट्या वाक्यांत. वाईट वाटलं असं म्हणायचं कसं, ते अजून शिकवलं नव्हतं. मी डब्यातलं संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्यापुढे सरकवलं. ते घेताना त्याच्या बोटांना ताज्या पावाचा वास आला. मग दिवसभर मला भूक लागल्यासारखं होत राहिलं.

वर्गाबाहेर मात्र साहेबांना मी दिसायचीच नाही! जिन्यात समोर आले की हा सूचनाफलक वाचायला लागायचा. "काय रे, झाला का अभ्यास?" असं विचारलं तर मान हलवायची आणि पसार. मी घरी येऊन ताईवर डाफरायची.

"मी काय भूत आहे का गं?"

"भूत नाहीस," ताई म्हणायची, "पण आत्ताचं तोंड आरशात बघ जरा."

दुसऱ्या वर्षी आम्ही डॉक्टर आणि पेशंट झालो, हॉटेलवाला आणि कटकटी पाहुणी झालो. एकदा तर मादामनी आम्हाला नवरा-बायको करून सुट्टीत कुठे जायचं यावर भांडायला लावलं.

"समुद्रावर," मी म्हणाले.

"तिथे पाऊस असेल."

"छत्री घेऊ."

"आपल्याकडे एकच आहे."

"मग... एकच पुरेल," मी म्हणून गेले आणि जीभ चावली. तो कानापर्यंत लाल झाला. मादामना नेमका तेव्हाच खोकला आला.

तिसऱ्या वर्षापर्यंत निम्मा वर्ग गळाला. उरलेल्यांत शिडी सगळ्यांत पुढे. बातम्यांवर बोलायचा, वाद घालायचा, मादामना विनोद सांगायचा. फ्रेंचमध्ये नुसता वाहायचा तो! आणि मी? मी बुडाले होते केव्हाच. मनाशी एकच ठरवलं होतं — शेवटच्या परीक्षेआधी यानं वर्गाबाहेर, आपल्या भाषेत, माझ्याशी एक वाक्य तरी बोललं पाहिजे. नाहीतर परीक्षा संपली की आम्हीही संपलो.

परीक्षेचं ओळखपत्र घ्यायला ऑफिसच्या खिडकीशी रांग होती. शिडी पुढे, मी त्याच्या मागे. त्याला ते माहीत नव्हतं.

"नाव?" क्लार्कने विचारलं.

शिडीने तोंड उघडलं. मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली, ओठ थरथरले... आवाजच येईना. नावाचं पहिलं अक्षर तेवढं पुन्हा पुन्हा बाहेर पडत होतं.

"अरे, नाव विचारलंय, गणित नाही घातलं!"

रांग खिदळली. माझी सटकली. मी पुढे घुसले, त्याचं नाव, आडनाव, तुकडी सगळं घडाघडा सांगून टाकलं, वर क्लार्कलाही दोन शब्द सुनावले. वळून पाहते तर शिडीचा चेहरा पांढराफटक. ओळखपत्र न घेताच तो निघून गेला. आणि मी वेडी, तो थँक्यू म्हणेल म्हणून उभी!

दुसऱ्या दिवशी वर्गात तो फ्रेंचमध्ये, अजिबात न अडता म्हणाला, "काल माझं नाव तू सांगितलंस."

"मग? तो माणूस तुला हसत होता."

"हसू दे. त्याची सवय आहे मला. पण नाव मला सांगायचं होतं. वेळ लागला असता, पण सांगितलं असतं."

"मग इथे कसा रे तू इतका—"

"इथे पहिल्या दिवसापासून सगळेच अडखळत होते. माझं अडखळणं कुणाला दिसलंच नाही. भीतीच गेली." त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "बाहेर तुझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. तू इतकी भराभर बोलतेस. आणि आता तर तू पाहिलंसच."

"मी पुन्हा नाही असं करणार."

"तुला जमणार नाही," तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कारण त्याचं बरोबर होतं. आमच्या घरी कुणी "अगं, जरा..." म्हणेपर्यंत मी "आणते" म्हणून उठलेली असते. दम धरणं माझ्या रक्तातच नाही.

दोघांचीही तोंडी परीक्षा झकास झाली. बाहेर आल्यावर तो माझ्यासमोर थांबला, ओठ उघडले... मिटले... आणि गेला. मामा त्याला बेकरीचं शिक्षण घ्यायला दूरच्या शहरात पाठवणार, हे मला मादामकडून कळलं. तेही लवकरच.

सुट्टीत दुपारी मी बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसायला बसायची; कुटुंबाच्या धड्यात हे मीच शिडीला सांगितलं होतं. एक दिवस दार ढकलून, मान वाकवून शिडी आत आला. माझ्या हातातली फ्रेम टेबलावर पडली.

"ये, ये," बाबा म्हणाले. "लांबचं दिसत नाही की जवळचं?"

त्याने तोंड उघडायच्या आत बाबांनी त्याला खुर्चीत बसवून तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवलीसुद्धा. "हं, वाच समोरचं."

तो तक्त्याकडे बघेचना. माझ्याकडे बघत होता.

"अरे देवा, पहिली ओळही नाही?" बाबा दुसरी काच शोधायला लागले. "म..." शिडी म्हणाला. "म... म..."

"बाबा, थांबा."

"अगं, त्याला दिसत—"

"थांबा म्हणते ना! तो बोलतोय."

"म... मला..."

मान ताठ झाली. शीर फुगली. पुढचा शब्द मला माहीत होता हो! अगदी जिभेवर होता. मी ओठ दातांखाली घट्ट दाबून धरला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पंखा फिरत राहिला. मी त्याच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही.

"मला... तू... आ... आ..."

मी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून गप्प.

"...आवडतेस."

बाबांच्या हातातली काच हातातच राहिली. "म्हणजे... डोळे तपासायचे नाहीयेत?"

मी त्याच्या नाकावरची ती अवजड फ्रेम हलकेच काढली. घामाने ओली झाली होती.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले.

"अ... अजून... पु... पुष्कळ... सांगायचंय," तो म्हणाला.

मी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसले.

"सांग की," मी म्हणाले. "मला कुठे जायचंय!"