हवालदार आणि आभाळात नसलेली घार

“पकड, पकड! नंदू, तुझ्या बाजूने आली!”

“कुठे? कुठे?”

“अरे बावळटा, डोक्यावरून गेली ना तुझ्या!”

मिरची नावाची ती तांबडी कोंबडी नंदूच्या केसांवर पाय देऊन उडाली आणि थेट वनमालाकाकूंच्या पापडांवर उतरली. काकू नुकत्याच पापड गोळा करायला बसल्या होत्या. त्या किंचाळल्या, मिरची त्यांच्यापेक्षा मोठ्याने किंचाळली आणि मागून आलेल्या बुटकी नावाच्या दुसऱ्या कोंबडीने उरलेल्या पापडांचा चुरा केला.

“वाट लागली!” प्रेमाने कपाळाला हात लावला.

मे महिन्याची सुट्टी लागल्यावर प्रेमाने काय काय ठरवलं होतं! मनोरीच्या होडीत बसायचं, कैऱ्या पाडायच्या, दुपारभर पत्ते कुटायचे. आणि झालं काय, तर संध्याकाळ झाली की कांदिवलीच्या गावठाणात कोंबड्यांमागे धावायचं! पण करणार काय? कोंबड्या मोनिकाच्या होत्या आणि मोनिका तिची जिवाभावाची मैत्रीण होती. प्रेमा आणि तिचा धाकटा भाऊ नंदू राहायचे ते शेजारच्याच दुमजली चाळीत, मोनिकाच्या अंगणाच्या पश्चिमेला.

शेवटची कोंबडी शेवग्याच्या झाडावर जाऊन बसली आणि तिथून काही केल्या उतरेना. तेवढ्यात मोनिकाचे डॅडी बाहेर आले. पॉल अंकल तसे हसतमुख, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून नंदू हळूच प्रेमाच्या मागे सरकला.

“बस झालं!” ते म्हणाले. “काल फर्नांडिसांच्या स्वयंपाकघरात, आज काकूंच्या पापडांवर. किती जणांची माफी मागू मी? आणि रात्री झाडावर झोपल्या, तर मांजरं काय त्यांची पूजा करतील? मोनिका, नीट ऐक. रविवारी संध्याकाळी या कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात गेल्या तर ठीक. नाही तर अंबादासला बोलावतो.”

अंबादास म्हणजे बाजारातला कोंबडीवाला. त्याच्या सायकलला मागे बांबूची मोठी टोपली असायची. त्या टोपलीत गेलेली कोंबडी कुणी परत आलेली पाहिली नव्हती.

मनोरीच्या मावशीने दिलेली ही पिल्लं मोनिकाने होडीतून मांडीवर धरून आणली होती. त्यांना कणी भरवली होती, पावसात स्वतःच्या खाटेखाली ठेवलं होतं. प्रेमाला तिच्याकडे बघवेना.

“तू घाबरू नकोस गं,” ती म्हणाली. “आपण शोधून काढू. काहीतरी कारण असणारच!”

“पण काय कारण?” मोनिका म्हणाली. “तेच कळत नाही ना यार!”

खरंच, कळण्यासारखं काहीच नव्हतं. जुनं खुराडं कुजलं म्हणून पॉल अंकलनी नवं केलं होतं. मजबूत लाकूड, बारीक जाळी, आत बसायला दांडी, दाराला कडी. मुंगूस सोडाच, उंदीरही शिरणार नाही असं! कोंबड्यांना घर कळावं म्हणून सुरुवातीला त्यांना आतच कोंडून ठेवलं होतं. सोडल्यावर पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की त्या शहाण्यासारख्या रांगेने आत जायच्या. आणि मग एकाएकी काय बिघडलं कोण जाणे! सकाळी त्याच दारासमोर मजेत दाणे टिपणाऱ्या कोंबड्या संध्याकाळी त्याच दाराला बघून जीव घेऊन पळत होत्या.

“आत भूत असेल,” नंदू म्हणाला.

“मग सकाळी कुठे जातं ते भूत? शाळेत?”

“सुट्टी आहे ना! शाळेत कसं जाईल?”

प्रेमाने त्याला टपली मारली आणि स्वतः खुराड्यात डोकं घातलं. वास आला तो फक्त कोंबड्यांचा. ना साप, ना बीळ. तिने दांडी हलवून पाहिली, ती घट्ट होती.

“हवालदारावर नजर ठेवू,” मोनिका म्हणाली. “सगळ्यात आधी तोच ओरडतो.”

हवालदार म्हणजे त्यांचा कोंबडा. छाती काढून चालायचा, सगळ्यांवर डाफरायचा आणि कामाच्या वेळी सर्वांत आधी पळायचा. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तिघं पायरीवर गुपचूप बसली. मोनिकाने “ती-ती-ती” अशी हाक मारून कणी टाकली. कोंबड्या आल्या, टिपत टिपत दाराजवळ पोचल्या. बुटकीने तर एक पाय आतही टाकला. इतक्यात हवालदाराने मान तिरकी केली आणि लांबलचक “कुर्र्र्र” असा आवाज काढला. झालं! पुन्हा पळापळ!

मोनिका ताडकन उठली. “ऐकलंत? मांजर दिसलं की तो टक-टक-टक करतो. हा आवाज घारीचा आहे! घार दिसली की तो असाच ओरडतो.”

तिघांनी माना वर केल्या. पश्चिमेकडचं ऊन सरळ डोळ्यांत घुसलं. हाताचा आडोसा करून पाहिलं, तर आभाळ स्वच्छ. घार नाही, कावळा नाही, साधी चिमणीसुद्धा नाही!

“खोटारडा आहे तुझा हवालदार,” नंदू म्हणाला.

“माझा हवालदार खोटं बोलत नाही!” मोनिका एवढ्या जोरात म्हणाली, की नंदूने जीभ चावली.

पुढच्या संध्याकाळी नंदूने खुराड्याभोवती लिंबाचा पाला जाळून धूर केला. भुतावर म्हणे हाच उपाय! त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, हवा कुंद होती. आणि काय नवल! हवालदार ऐटीत दारापर्यंत आला, त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मुकाट आत शिरला. मागून सगळ्या कोंबड्या गेल्या. मिरचीसुद्धा गेली!

“बघितलंत?” नंदू नाचायला लागला. “धूर! झकास काम झालं! मला बक्षीस पाहिजे!”

पण शनिवारी लख्ख ऊन होतं. नंदूने दुप्पट धूर केला, डोळे चोळून चोळून लाल केले आणि कोंबड्या सगळ्या गावठाणात पांगल्या. प्रेमाच्या डोक्याचा अगदी भुगा झाला. तोच धूर, तेच खुराडं, त्याच कोंबड्या! काल गेल्या, मग आज का नाही?

त्यात वरून बाबांची हाक आली. “गो प्रेमा! वर ये बघू! पिक्चर सुरू होतलो आता!”

शनिवारी टीव्हीवर मराठी चित्रपट असायचा आणि त्याआधी अँटेना फिरवण्याचा कार्यक्रम. बाबा कौलांवर चढायचे, नंदू जिन्यात उभा राहायचा आणि प्रेमा टीव्हीसमोर. हल्ली कावळे अँटेनावर बसून ती वाकडी करतात म्हणून बाबांनी त्यांचा बंदोबस्तही केला होता. आपली मोडकी काळी छत्री अर्धवट उघडून त्यांनी अँटेनाच्या दांडीला उलटी टांगली होती. कावळे मेलेला भाईबंद समजून फिरकेनासे झाले. बाबांना आपल्या अकलेचं फार कौतुक वाटत होतं.

“दिसता काय गो?” वरून आवाज आला.

“दिसतं का?” जिन्यातून नंदू ओरडला.

“मुंग्याच आहेत!” प्रेमा खिडकीशी उभी राहून ओरडली. तिचं अर्धं लक्ष खाली होतं. मोनिका एकटीच अंगणात कणीची वाटी घेऊन उभी होती. लांबून पाहिल्यावर ती फारच छोटी दिसत होती. दोन-चार कोंबड्या भीतभीत दाराकडे परतत होत्या.

बाबांनी अँटेना फिरवली.

आणि अंगणात, खुराड्याच्या अगदी दारासमोरून, एक मोठं काळं पसरट काहीतरी सरकत गेलं!

हवालदार “कुर्र्र्र” करून उडाला. कोंबड्या पांगल्या. प्रेमाने डोळे फाडून पाहिलं. दोन पंख! वाऱ्यावर हलणारे दोन पंख! पण ते आभाळात नव्हते. जमिनीवर होते!

“ताई, दिसतं का?” नंदू ओरडला.

“दिसलं!” प्रेमा किंचाळली. “दिसलं, दिसलं! बाबा, ती छत्री! छत्रीची सावली!”

बाबांनी कौलांवरूनच हसून घेतलं. “सावलेक कोण घाबरता गो? कोंबयो घाबरतत म्हणून मी छत्री काढू? उद्या कावळे येऊन बसले, की रविवारचो पिक्चर काय तुझी कोंबडी दाखवतली?”

प्रेमाने पुष्कळ समजावलं. ढग आले तेव्हा सावली नव्हती, म्हणून कोंबड्या आत गेल्या. सकाळी सूर्य दुसरीकडे असतो, म्हणून त्या घाबरत नाहीत. पण बाबांचं एकच, पोरांचं डोकं उन्हाने फिरलंय. खाली पॉल अंकलही मान हलवून म्हणाले, “सावली? मोनिका, मला उगाच बनवू नकोस.” मोठ्या माणसांचं हे असंच. स्वतःच्या अकलेपुढे त्यांना दुसरं काही सुचत नाही!

“संपलं,” मोनिका पायरीवर मटकन बसली. “तुझे बाबा छत्री काढणार नाहीत, माझे डॅडी ऐकणार नाहीत.”

“मग छत्री राहू दे तिथेच,” प्रेमा हळूहळू म्हणाली. “काल छत्री होतीच ना? तरी गेल्या. कारण ढग होते. आपणच ढग करू या!”

“ढग? तू करणार?” नंदूने तोंड वासलं.

रविवारी भल्या सकाळी कामाला सुरुवात झाली. खुराड्याच्या पश्चिमेला दोरी बांधली. मोनिकाच्या घरातल्या दोन चादरी, चाळीतल्या दोन, झालंच तर वनमालाकाकूंची एक जाड सतरंजी. पापडांचं प्रकरण ताजं असताना ती मागायला नंदूला पाठवलं होतं. तो कशी घेऊन आला, ते त्याने कधीच सांगितलं नाही.

चादरी वाऱ्यावर फडफडल्याबरोबर मिरची कुंपणावर चढली.

“अगं, ह्यालाच घाबरतायत!” मोनिका रडकुंडीला आली.

“म्हणून तर सकाळीच बांधतोय. दिवसभरात सवय होईल.” प्रेमाने चादरीच्या खालच्या टोकांना दगड बांधले. फडफड थांबली. दुपारपर्यंत हवालदार चादरीखाली उकरायला लागला.

संध्याकाळी सायकलची घंटा वाजली. अंबादास आला होता. त्याने टोपली उतरवून भिंतीशी ठेवली. मोनिकाने कणीची वाटी छातीशी घट्ट धरली.

पॉल अंकल अंगणात आले आणि थबकले. “हे काय? धोबीघाट काढलात काय इथे? काढा आधी ते!” ते दोरीकडे निघाले.

प्रेमा हात पसरून आडवी उभी राहिली. एरवी ती मोठ्यांना असं कधी अडवत नसे. “अंकल, प्लीज! तुम्हीच म्हणाला होतात, आपल्या पायांनी जायला पाहिजे. त्यांना जाऊ तर द्या!”

पॉल अंकल काहीतरी बोलणार होते. पण आतून मोनिकाची मम्मी, मार्सेलिना आंटी, म्हणाल्या, “पॉल, थांब ना जरा.” आणि ते थांबले.

चादरींच्या पलीकडच्या, उन्हाच्या बाजूवर ती काळी सावली डोलत होती. अलीकडे, खुराड्यासमोर, गार एकसारखी सावली पडली होती. परसाच्या मागच्या बाजूने मोनिकाने हाक मारली, “ती-ती-ती...”

हवालदार आला. त्याने मान तिरकी केली. त्याने एक डोळा वर लावला, मग दुसरा लावला. आणि पायरी चढल्यासारखा उंच पाय टाकून तो आत गेला! मागून बुटकी गेली, मागून बाकीच्या गेल्या. मिरची दारात उगाचच थांबली, मागे वळली, नंदूकडे तिने रागाने पाहिलं आणि मग तीही आत उडाली.

“गेल्या!” नंदू ओरडला. प्रेमाने त्याच्या तोंडावर हात दाबला.

पॉल अंकल चकित होऊन बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच एक चादर बाजूला केली. काळे पंख सरसर खुराड्याच्या दारावर आले. आतून हवालदार केवढ्याने ओरडला!

“ओ परब!” त्यांनी वर हाक मारली. “ही घार तुमची का?”

रविवारच्या पिक्चरसाठी कौलांवर चढलेले बाबा खाली बघत होते. त्यांनी अँटेना इकडे फिरवली, घार इकडे आली. तिकडे फिरवली, तिकडे गेली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी छत्रीची सुतळी सोडली. खाली आल्यावर त्यांनी प्रेमाच्या डोक्यावर हात ठेवला. “माझाच चुकला गो,” ते म्हणाले. “कोंबयांका कळला, तुका कळला. माकाच तेवढा कळूक नाय.”

“आणि मला तरी कुठे कळलं?” पॉल अंकल म्हणाले. “पोरांनो, शाबास! अंबादास, तुला उगाच खेप पडली. चहा घेऊन जा.” मग ते मुलीकडे वळले. “मोनिका, कडी तू लाव. आजपासून हे सगळं तू बघायचंस. कुणी काही बोललं, तर मी बघून घेईन.”

मोनिकाने कडी लावली. आत दांडीवर जागेवरून भांडणं चालली होती, हवालदार सगळ्यांना दटावत होता. ती जाळीला कपाळ लावून उभी राहिली आणि एकदम हुंदके देऊन रडायला लागली.

“आता काय झालं?” नंदू पार गोंधळून गेला. “वाचल्या ना सगळ्या? मग रडतेस कशाला?”

“मला काय माहीत!” मोनिका रडत रडत हसली.

नंदूने मदतीसाठी ताईकडे पाहिलं, तर ताईही डोळे पुसत होती.